कोलूतल्या बाहुल्या कशानं पडल्या

अंबू,

तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, शेजारून आणलेली मोठी भांडी घासून परत गेली. इथल्या आपल्या मराठी मंडळींच्या अंकात तुझ्यावर काही छापायचं आहे म्हणून रघू विचारत होता, आत्याचा जन्म कधीचा, नोकरीला कधी लागली, निवृत्त कधी झाली. मी म्हटलं, ते तू लिही. मला तिच्याशी बोलायचं आहे, तेवढं मी लिहिते. त्याला वाटलं आई आता रडणार. मी रडले नाही. तुला माहीत आहे, मी रडायला लागले की नाक चोंदतं आणि दिवस वाया जातो.

माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळमधली. घरात मराठी बोलायची, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि लिहायची वेळ आलीच तर तमिळच. ही बाळबोध अक्षरं मला तू शिकवलीस. बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर बसून, सुपातल्या तांदळात बोट फिरवून. मी गिरवायचे, तू पुसायचीस, आणि त्यातच खडे निवडून व्हायचे. चुका राहिल्या तर त्या तुझ्या नावावर.

वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. तू माझी नणंद, वयानं माझ्या जोडीची. लग्न केलं नाहीस. आडुतुरैकडच्या एका शाळेत मुलींना भूगोल शिकवलास, रोज बसनं गेलीस आणि बसनं आलीस. मी सून होऊन आले त्या दिवसापासून तू जाईपर्यंत आपण दोघी एकाच घरात राहिलो. तुझा भाऊ माझ्या वाट्याला इतका आला नाही, जितकी तू आलीस.

इतक्या वर्षांत आपलं भांडण एकच. बाकी सगळी भांडणं रसम थंड व्हायच्या आत मिटायची.

माझं पहिलं नवरात्र होतं. आपल्या घरातला कोलू, नवरात्रातली बाहुल्यांची आरास, म्हणजे सासूबाईंचा जीव. पेट्या, डबे आणि फळ्या रचून पायऱ्या करायच्या, वर धुतलेलं धोतर अंथरायचं, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर त्यांच्या तंजावरच्या माहेराहून आलेला रामाचा दरबार. मातीचा, जुना, एकेक मूर्ती वितीएवढी. त्याला फक्त सासूबाईंनी हात लावायचा. दुपारची वेळ होती. मामंजी माडीवर निजले होते, सासूबाई आत संध्याकाळच्या सुंडलसाठी, नैवेद्याच्या उसळीसाठी, हरभरे शिजवत होत्या. मी पायऱ्यांपुढे वाकून रांगोळी काढत होते. तू तांबड्या फरशीवर पालथी पडून पुस्तक वाचत होतीस.

मला जराशी भोवळ आली. उपास होता. मी पायरीला हात लावला की नाही, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. वर टक टक असं वाजलं आणि लक्ष्मण पडला, मग सीता. सीता गडगडत माझ्या पायाशी आली आणि तिची मान वेगळी झाली.

सासूबाई पळी हातात घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी सीतेकडे पाहिलं, मग माझ्या पदराकडे.

"पदर कोठें होता तुझा?"

तू उठून बसलीस.

"आई, वैनी नव्हे. भुई हालली."

"काय हाललें?"

"भुई. मी पालथी होते. माझ्या पोटाला कळलें."

सासूबाईंनी पळी खाली ठेवली, म्हणजे आता हात चालणार हे मलाही समजलं. तुला ती एकच थप्पड. "कुंभकोणांत भुई हालती? दहा पिढ्यांत कोणी ऐकलें आहे? भावजयीसाठी देवीपुढें खोटें बोलतीस?"

तू गालावर हात ठेवून पुन्हा तेच बोललीस. "हालली, आई."

मामंजी खाली आले, हसले. शेजारच्या मामी म्हणाल्या, त्यांच्या घरात लोटे वाजले खरे, पण उसाची लॉरी गेली असेल. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काही नव्हतं. झालं, निकाल लागला. सुनेच्या पदरानं दरबार पडला आणि लेक तिच्यासाठी देवीपुढे खोटं बोलली. मला रागावल्या त्या एक दिवस. नवी सून, धांदरट असायचीच. तुला मात्र नवरात्र संपेपर्यंत कोलूपुढे येऊ दिलं नाही. बायका हळदीकुंकवाला यायच्या, मी पानसुपारी द्यायची, आणि तू परसात विहिरीच्या काठावर बसलेली. कोणी विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, तिला बरं नाही.

मी तिथे तुझ्याजवळ आले. पहिल्यांदा एकटीच तुझ्याशी बोलत होते. म्हटलं, "माझ्यासाठी खोटं बोललीस. मी जन्मभर विसरणार नाही."

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं मी दुसरी थप्पड मारली.

"मी खोटें नाही बोलले, वैनी."

"असू दे गे. मी कोणाला सांगत नाही."

तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मला वाटलं, किती भला जीव आहे, उपकार मानूही देत नाही.

इथून आपलं भांडण सुरू झालं. मी तुझ्या त्या खोट्यावर जगले, अंबू. परक्या घरात आलेल्या पोरीला पहिल्याच महिन्यात कोणी आपल्या आईची थप्पड खाऊन वाचवलं, ह्याच्यावर माणूस पुष्कळ दिवस काढू शकतं. तुझ्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हा गल्लीतल्या बायका आडून विचारायच्या, मी त्यांना दारातूनच परत पाठवायचे. तुझ्या केसांना तेल मी लावायचे. तव्यावरचा कुरकुरीत दोसा आधी तुझ्या ताटात. तू एकदा म्हणालीस, "वैनी, तूं मला चुकीच्या कारणासाठी चांगलें वागवतीस."

मी म्हटलं, "मग दोसा परत दे."

तू खाऊन टाकलास.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तू शाळेतून पेपर घेऊन आलीस. जेवली नाहीस. दगडांचे ढीग, त्यावर बसलेली माणसं. आपण कधी तिकडे गेलो नाही, ते लोक आपल्यासारखं बोलत नाहीत, आपलं बोलणं ऐकून हसतील, पण तू म्हणालीस आपलीच माणसं ती. मग म्हणालीस, "त्यांनाही सगळे हेंच सांगत होते. इथें काही होत नाही."

"त्यांची घरं दगडमातीची. आपलं घर चुन्याविटांचं."

"हो का? आणि परणावर काय आहे?"

परणावर, म्हणजे आपल्या मधल्या खोलीच्या माळ्यावर, सासूबाईंच्या लग्नातल्या पितळी अंडा, स्वयंपाकाच्या मोठ्या हंड्या, होत्या. एकेकीत माणूस बसेल एवढ्या. खाली आपण निजत होतो. तू दुसऱ्याच दिवशी दोन माणसं बोलावून त्या खाली काढल्यास. तेव्हापासून त्या मागच्या खोलीत जमिनीवर आहेत आणि माझी बोटं त्यांना ठेचतात. प्रत्येक वेळी मी तुझं नाव घ्यायचे. तू आतून म्हणायचीस, "बोट आहे ना? डोकें आहे ना? मग ओरडू नको."

सासूबाई गेल्यावर कोलू तुझ्या हातात आला. तू पायऱ्यांच्या मागे खिळे ठोकलेस आणि प्रत्येक बाहुलीच्या कमरेला दोरा बांधलास. बायका यायच्या, गाणी म्हणायच्या, सुंडल खायच्या आणि विचारायच्या, देवांना का गे बांधलंत? तू भूकंप सांगायला लागलीस की त्यांचे चेहरे कोरे व्हायचे. मग मीच सांगायला लागले, "पळून जातील म्हणून. ह्या घरात नणंदेच्या बडबडीनं देवसुद्धा टिकत नाहीत." तू रागावायची नाहीस. एवढंच म्हणायचीस, "दोरा निदान बांधू देतीस. पुष्कळ झालें."

नागपट्टणात समुद्र आत आला त्या वर्षीही तू मला बसवून सांगितलंस. जमीन कुठे तरी लांब समुद्राखाली हालली आणि मेली इथली माणसं. मी म्हटलं, ते लांबचं. इथलं काय? तू फळीवर ओल्या वाळूचा ढीग केलास, त्यावर फुलपात्र ठेवलंस आणि फळी बोटानं टकटकवलीस. फुलपात्र रुतलं आणि कलंडलं. "आपण ह्याच्यावर आहोंत. कावेरीनें आणलेल्या गाळावर. खडक फार खाली आहे. थोडें हाललें तरी वर जास्त कळेल. माझा दावा एवढाच आहे. रोज हालेल असें मी म्हणत नाही."

"मग देवळांची गोपुरं कशी उभी?"

"तीं खाली रुंद आहेत, वैनी. तुझ्यासारखीं."

मी फुलपात्र धुवायला घेतलं. 

गेल्या नवरात्रात कधी तरी, दोरे बांधताना, मी सहज बोलून गेले की त्या दुपारी मला भोवळ आली होती. तुझ्या हातातला दोरा सुटला.

"काय आलें होतें?"

"भोवळ. उपास होता."

"इतकीं वर्षें हें पोटांत ठेवलेंस?"

"त्यात सांगायचं काय? भोवळ आली, पदर लागला असेल. म्हणून तर म्हणते, तू माझ्यासाठी..."

"वैनी," तू खाली बसलीस. हसत होतीस की रडत होतीस ते मला चष्म्याशिवाय दिसलं नाही. "भोवळ तुला आली, मान्य. मामींच्या लोट्यांना कशानें आली?"

मी म्हटलं, उसाची लॉरी. तू कपाळाला हात लावलास.

मग रघूचं बांधकाम आलं. तो चेन्नैहून नकाशा घेऊन आला. घराचा पुढचा भाग पाडायचा, खाली चार खांबांवर मोकळी जागा गाड्यांसाठी, वर दोन मजले. एक त्याला, एक भाड्यानं. हल्ली आपल्या गल्लीत सगळे तसंच बांधतात. घर तुझ्या भावानंतर तुझ्या-माझ्या नावावर, म्हणून आपल्या दोघींची सही पाहिजे. तू नकाशा डोळ्यांजवळ धरलास आणि म्हणालीस, "सगळें वजन वर आणि खाली चार काड्या. भिंती कोठें आहेत?"

"आत्या, भिंती घातल्या तर गाड्या कुठे लावायच्या?"

"गाड्या रस्त्यावर राहूं देत. माणसें आंत राहणार आहेत."

रघू हसला, माझ्याकडे पाहून. मीही हसले. तू सही केली नाहीस. मी करणार होते, आणि मन वळवून तुझीही घेणार होते.

मग तू अंथरुणाला लागलीस. छातीत पाणी झालं म्हणाले. तू बोलत होतीस, पण दमून, एका वेळी थोडं. एका सकाळी मी तुझी वेणी घालत होते. तू म्हणालीस, "रघूला सांग. खाली भिंती ठेव. तो माझें ऐकत नाही, तुझें ऐकेल."

मी थट्टा केली. तुझ्याशी दुसरं काय करणार? तू आजारी आहेस असं वागलं तर तू चिडायचीस. म्हटलं, "एका अटीवर सांगते. त्या दिवशी खोटं बोललीस हे कबूल कर. एवढं एकदा म्हण, मी आत्ता रघूला फोन लावते. भिंती काय, किल्ला बांधायला लावते."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "नाही म्हणणार."

"अगं, नुसतं म्हणायचं. कोण ऐकतंय?"

"तूं ऐकतीस ना."

"मग भिंती गेल्या."

"मग काय करणार," तू म्हणालीस, आणि मान जरा मागे केलीस, म्हणजे वेणी घट्ट झाली होती. मी सैल केली.

आपलं त्या विषयावरचं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर औषध, कांजी, कूस बदलणं, एवढंच.

तुझं तेरावं झाल्यावर रघूनं नकाशा पुन्हा पुढे ठेवला. तो वाईट नाही, तू जाणतेस. त्याला परत जायचं होतं, सुट्टी संपत होती. आता एकट्या माझ्या सहीनं काम होणार होतं. त्यानं बोटानं जागा दाखवली, मी पेन उघडलं, आणि माझ्या मनात ती सकाळ आली.

मी मंदबुद्धी नाही, पण मला गोष्टी उशिरा कळतात. अंबू, तुला ह्या घराइतकं प्रिय काही नव्हतं. आणि त्या भिंतींइतकं तुला काही हवं नव्हतं, शेवटी तर औषधसुद्धा नाही. एक खोटं वाक्य बोलली असतीस तर ते मिळत होतं. ऐकणारी मी एकटी, तीही थट्टेवारी विचारणारी. देव नाही, सासूबाई नाहीत, कोलू नाही. तरी तुझ्यानं बोलवलं नाही.

मग जी बाई मरताना, एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी एवढंसं खोटं बोलत नाही, ती कोवळ्या वयात देवीपुढे, नुकत्याच आलेल्या भावजयीसाठी कशाला बोलेल? तेव्हा तर तू मला धड ओळखतही नव्हतीस.

म्हणजे तू खोटं बोलली नव्हतीस. म्हणजे भुई हालली होती.

मी पेन बंद केलं. रघूला वाटलं शाई संपली. तो दुसरं आणायला उठला.

तुला सांगते, मला पहिल्यांदा आनंद झाला नाही. मला वाटलं माझ्याजवळचं काही गेलं. मी इतकी वर्षं समजत होते की कोणी एकदा माझ्यासाठी खोटं बोललं होतं. आता ते राहिलं नाही. तू माझ्यासाठी काहीच केलं नव्हतंस, जे झालं ते सांगितलंस, एवढंच. रघू पेन आणेपर्यंत मी तशीच बसले.

मग सुचलं की त्या दुपारी खरं सांगून तुला काय मिळालं? थप्पड. विहिरीचा काठ. सगळी गल्ली एका बाजूला, आई-बाप एका बाजूला, आणि जिला वाचवलंस ती मी, तीही त्याच बाजूला, तुझे आभार मानत. तू पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिलीस. चिडलीस, पण मला सोडलं नाहीस. सुपातले तांदूळ पुढे घेऊन अक्षरं शिकवायला बसलीस, तीही जी बाई तुझ्यावर विश्वास ठेवत नाही तिला. कोणी माझ्यासाठी खोटं बोललं, ह्यापेक्षा हे जास्त आहे. मला ते मोजता येत नाही.

रघू आला. मी म्हटलं, "खाली भिंती पाहिजेत."

"आई, आता तू सुरू करू नको."

"भिंती नसतील तर सही नाही."

"आत्याचं ऐकायचंच होतं तर ती असताना ऐकायचं."

तो बरोबर बोलला. मला लागलं, पण बरोबर बोलला. मी म्हटलं, "हो. तेव्हा नाही ऐकलं. आता ऐकते आहे. तू सुट्टी वाढव."

त्यानं वाढवली. इंजिनियर आला, तिरुभुवनम् रस्त्याकडचा कोणी तरुण, पायांतले बूट तिण्णैखाली काढून आत आलेला. मला ते आवडलं. तो मला आजी म्हणत तमिळमध्ये बोलला, "पाट्टी, आपला भाग कमी धोक्याचा आहे. काळजी करू नका."

"कमी म्हणजे नाही का?"

त्यानं नकाशा खाली ठेवला. "नाही असं नाही. नियमात इथेही थोडा हादरा धरावा लागतोच. पण लोक विचारत नाहीत, म्हणून आम्हीही..." पुढचं त्यानं गिळलं.

"मी विचारते. खाली माती कशी आहे?"

"गाळ. वाळू आणि चिकणमाती. खणून बघावं लागेल."

"बघा. आणि खाली मोकळं असलं की काय होतं?"

तो रघूकडे बघून बोलायला लागला, मी म्हटलं इकडे बघून बोला. मग त्यानं मला समजावलं. वर जड आणि खाली नुसते खांब असले तर हादऱ्यात खालचाच मजला आधी बसतो. निदान दोन बाजूंना भिंती हव्यात, खांब जाड हवेत, त्यांच्यातल्या लोखंडी रिंगा जवळजवळ हव्यात आणि टोकं आत वाकवलेली. मी सगळं ऐकून घेतलं. तुला जास्त समजलं असतं. मी तुझ्या वतीनं मान हलवत होते.

रघू म्हणाला, "म्हणजे एकच गाडी राहील." मी म्हटलं, "राहू दे एकच. तुला दोन पाय आहेत."

इंजिनियर हसला, आणि भिंतीवर टकटक करत सहज विचारलं, "पाट्टी, पण तुम्हाला हे सुचलं कसं? इथे कधी भुई हालल्याचं कोणी बोलत नाही."

रघू मध्ये बोलायला लागला. "ती एक आमच्या घरातली जुनी गोष्ट आहे. आमची आत्या म्हणायची..."

मी त्याला हातानं थांबवलं.

"हालली होती," मी म्हटलं. "ह्याच खोलीत. मी होते इथे."

अंबू, मला भोवळ आली नव्हती.